परात, सायकलचा आरा आणि खोटी दांडी

जुन्या स्कूटरच्या क्लचचे झाकण उघडले की मी सगळ्यात आधी मधला नट पाहतो. गोल, चपटा, आणि वरच्या कडेला किल्ल्याच्या तटबंदीसारख्या खाचा. खाचांच्या कडा सरळ असतील तर गाडीला चांगले हात लागले आहेत असे समजावे. त्या कुरतडलेल्या, एका अंगाला मुडपलेल्या असतील आणि मधे मधे चंद्रकोरीसारखे घाव असतील, तर आत काय काय निघेल त्याला तयार राहावे. माझ्या वडिलांच्या १९७८ सालच्या प्रियाच्या नटावर असे सहा घाव होते. तीनदा छिन्नी लावून सोडवलेला, तीनदा छिन्नी लावूनच आवळलेला. शेवटच्या वेळी छिन्नी निसटून केसिंगवर बसली, आणि त्या ओरखड्यातून ती गाडी दहा वर्षे तेल गाळत होती. घराच्या फरशीवरचा तो डाग अजून आहे.

ही एक गाडी आणि मित्रांच्या सात-आठ गाड्या उघडून-मिटवून माझे एक मत झाले आहे: या गियरपेट्या जितक्या झिजून गेल्या, त्याहून जास्त छिन्नीने गेल्या. कारखान्याकडे प्रत्येक आडनिड्या कामासाठी वेगळे हत्यार असे, गल्लीतल्या गॅरेजात ते नसे. मग छिन्नी, हातोडी आणि ‘होतंय हो’ यावर काम भागे. तेव्हा घरी हत्यार बनवायचे ते पैसे वाचवायला नाही. छिन्नीकडे हात जाऊ नये म्हणून बनवायचे.

आधी आपण कशाबद्दल बोलतो आहोत ते स्पष्ट करतो. बजाज १५०, सुपर, टू-स्ट्रोक चेतक, साताऱ्याच्या महाराष्ट्र स्कूटर्सची प्रिया, कानपूरची एलएमएल या सगळ्या मूळच्या इटालियन व्हेस्पाच्या घराण्यातल्या. बजाजचा व्हेस्पा बनवणाऱ्या पियाजिओशी करार १९७१ मध्ये संपला, १९७२ मध्ये चेतक आली, १९७५ मध्ये साताऱ्याची कंपनी निघाली, पण आतली मांडणी तीच राहिली. व्हेस्पाचा आराखडा करणारे कोरादिनो दास्कानियो हे विमाने आणि हेलिकॉप्टरवाले इंजिनीअर. १९४६ मध्ये त्यांनी साखळीला पूर्ण फाटा दिला आणि मागचे चाक थेट गियरपेटीतून निघणाऱ्या दांडीवर बसवले. त्यामुळे साखळीचे वंगण आणि घाण गेली, पण त्या बदल्यात सगळे एका छोट्या ॲल्युमिनियमच्या पेटीत दाटीवाटीने कोंबले गेले. लॅम्ब्रेटा किंवा विजय सुपर असलेल्यांनी पुढचे वाचावे, पण जसेच्या तसे करू नये. त्यांच्या पेटीत साखळी आहे आणि तिची तऱ्हा निराळी आहे.

या पेटीत दोन गोष्टी मुख्य. एक, एकाच तुकड्यात जोडलेल्या गियरांचा झुबका, ज्याला मेकॅनिक ‘क्लस्टर’ म्हणतात. दुसरी, चाकाची पोकळ दांडी. तिच्यावर सगळे गियर मोकळे फिरत असतात. दांडीच्या पोटात अधिक चिन्हाच्या आकाराचा एक छोटा पोलादी तुकडा असतो. बाजारात त्याला ‘क्रॉस’ म्हणतात. हा क्रॉस आतल्या आत पुढे-मागे सरकतो आणि ज्या गियरच्या खाचेत त्याचे चार हात शिरतील तो गियर दांडीला जखडला जातो. म्हणजे हँडलवरची मूठ पिरगळून तुम्ही जो गियर टाकता तो या बोटभर तुकड्याच्या चार कडांवर उभा असतो. त्या कडा गोलावल्या की चढावर दुसरा गियर सुटतो, आवाज होतो, मागे बसलेला माणूस ‘काय झालं’ विचारतो.

पण गियर सुटला म्हणून लगेच पेटी उघडू नका. निम्म्या वेळी दोष केबलींचा असतो. मुठीला जोडलेल्या दोन केबली असतात, एक ताणते तेव्हा दुसरी सैल पडते. त्यातली एक लांबली किंवा इंजिनाजवळच्या सिलेक्टर पेटीतले निपल घसरले की क्रॉस गियरच्या मधोमध पोचतच नाही, कडेलाच लटकतो आणि मग खरोखरच झिजू लागतो. ही तपासणी फुकट आहे. तिच्यासाठी पहिले घरगुती हत्यार सांगतो: सायकलचा जुना आरा. त्याचे टोक पकडीने वाकवून आकडी करा, दुसऱ्या टोकाला लाकडी मूठ बसवा. केबल खेचून धरणे, ब्रेकची स्प्रिंग अडकवणे, खाली पडलेला वायसर खोबणीतून काढणे, सगळे या आकडीने होते. मी तीन केल्या आहेत, वेगवेगळ्या वाकाच्या. आरा चांगल्या पोलादाचा असतो, पुन्हा सरळ होत नाही.

केबली ताणून, निपल घट्ट करूनही गियर सुटत असेल, तरच इंजिन खाली घ्या.

इंजिन ठेवायला स्टँड विकत घेऊ नका. घरातला जुना लाकडी स्टूल उलटा करा, चार पायांच्या मधे पेटी अलगद बसते. शेजारी परात ठेवा. हे विनोदाने म्हणत नाही. मोठी स्टीलची परात हे या कामातले माझे सगळ्यात लाडके हत्यार आहे. पेटीतले जे जे बारीक आहे ते परातीवरच उघडायचे. काही पडले तर खणकन आवाज येतो, घरंगळून कपाटाखाली जात नाही, आणि डिझेलमध्ये धुताना वेगळे भांडे लागत नाही. (परात नंतर स्वयंपाकघरात परत जाणार नाही हे घरात आधीच सांगून ठेवावे. मी सांगितले नव्हते.) गियर काढले की त्याच क्रमाने, त्याच तोंडाने एका जाड तारेत ओवा. चकत्या आणि शिम यांना इडलीपात्राचे खळगे उत्तम, खळग्याजवळ खडूने आकडा लिहायचा. मोबाइलवर फोटो काढाच, पण फोटोत गियरची कोणती बाजू वर होती ते नेमके कळत नाही, हे अनुभवाने सांगतो.

आता तो नट.

त्याला तटबंदीच्या खाचांत बसणारी पुंगळी लागते. बाजारात तयार मिळते, पण ती नेमकी आपल्या नटावर बसेलच असे नाही. घरी करायची तर एक जुना, जाड भिंतीचा बॉक्स पाना घ्या, ज्याचा बाहेरचा व्यास नटाएवढा आहे. पुण्यात जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी गेलात तर फुटक्या संचातले असे सुटे बॉक्स किलोने मिळाल्यासारखे मिळतात. मुंबईत नागदेवीला, कोल्हापुरात उद्यमनगरच्या आसपास. नटाच्या खाचांत थोडे काळे ग्रीस चोळा आणि त्यावर पातळ कागद दाबा. कागदावर खाचांचा ठसा उठतो. तो ठसा कापून बॉक्सच्या तोंडावर डिंकाने चिकटवा, आणि जिथे खाच आहे तिथे दात शिल्लक राहील अशा बेताने मधला भाग कापून काढा. बॉक्सचे पोलाद कडक असते, हॅक्सॉ त्याच्यावर नुसती घसरते, तेव्हा ग्राइंडरची पातळ चकती वापरा. चष्मा लावा. ग्राइंडिंग करताना तोंड गरम होऊन निळे पडू लागले की थांबा, पाण्यात बुडवा, पुन्हा करा. निळे पडलेले पोलाद मऊ झालेले असते आणि पहिल्याच जोराला दात वाकतो.

कापताना दात थोडे जाड ठेवा. मग कानशीने एकेक दात खाचेत बसवत न्या, मुलीला चपला घालून बघतात तसे. दात खाचेत हलता कामा नये. खाच सरळ भिंतीची असते, म्हणून दाताच्या बाजूही सरळ हव्यात. निमुळत्या झाल्या तर जोर लागताच पुंगळी वर चढते आणि निसटते. दाताची लांबी खाचेच्या खोलीहून किंचित कमी ठेवा, म्हणजे पुंगळीची कड नटाच्या माथ्यावर टेकते आणि ती डुगडुगत नाही. हे सगळे करायला पहिल्या वेळी मला एक दुपार लागली. त्यानंतर पंधरा वर्षे ती पुंगळी चालते आहे.

बॉक्स मिळाला नाही तर जाड पाण्याच्या पाइपाचा तुकडाही चालतो. पाइप मऊ असतो, पण वर्षातून एकदा वापरायच्या हत्याराला पुरतो. मात्र वरून नट वेल्ड करायचा असेल तर आधी जस्ताचा थर घासून काढा. जस्त जळले की निघणारा पांढरा धूर छातीत बसतो आणि रात्री ताप येतो.

नट सोडायच्या आधी त्याचे लॉक, म्हणजे दुमडलेले पान किंवा वरची कडी, काढायला विसरू नका. मग प्रश्न येतो इंजिन धरून ठेवण्याचा, कारण नट फिरवला की क्लचही फिरतो. इथे गॅरेजांत एक जुनी युक्ती चालते: क्लचचा गियर आणि शेजारचा मोठा गियर यांच्या दातांत नाणे अडकवायचे. पूर्वी दहा पैशांचे ॲल्युमिनियमचे कंगोरेदार नाणे वापरत. मी ते करत नाही. मऊ नाण्याचा चुरा तेलात जातो, कडक नाण्याने दात तडकतो. त्याऐवजी पाच मिलिमीटर जाडीच्या पट्टीचा हातभर तुकडा घ्या. एका टोकाला भोक पाडून ते क्लच झाकणाच्या बोल्टाच्या भोकात आवळा. दुसरे टोक काटकोनात वाकवून क्लचच्या वाटीच्या उभ्या खाचेत घाला. वाटी क्रँकच्या दांडीला चावीने जखडलेली असते, म्हणून वाटी धरली की क्रँक धरली गेली. ही पट्टी कागदाच्या पुठ्ठ्यावर आधी कापून पाहा, मग लोखंडावर जा.

दुसरा उपाय दोरीचा. प्लग काढून सिलिंडरमध्ये नायलॉनची जाड दोरी भरायची, पिस्टन तिच्यावर दाबला जाऊन थांबतो. उपाय चांगला आहे, पण या टू-स्ट्रोक गाड्या आहेत आणि सिलिंडरच्या भिंतीला खिडक्या असतात. पिस्टन खाली असताना दोरी भरली तर ती खिडकीत अडकते आणि पिस्टनच्या कडेने कापली जाते. म्हणून आधी पिस्टन वर येऊ लागला आहे, खिडक्या बंद झाल्या आहेत अशा जागी आणा, मग दोरी सोडा, आणि बाहेरच्या टोकाला मोठी गाठ मारा.

क्लच बाहेर आला की त्याला उघडण्याचा दाब-बोल्ट पाच मिनिटांत होतो. एक लांब बोल्ट, दोन मोठे जाड वायसर, एक नट. बोल्ट क्लचच्या मधल्या भोकातून घालून दोन्ही बाजूंना वायसर लावा आणि आवळत न्या. आतल्या स्प्रिंगा दबतात, वरची कडी मोकळी होते, ती आऱ्याच्या आकडीने काढा. त्या सहा-सात स्प्रिंगांत बराच दम असतो. बोल्ट सोडताना वर फडके टाका आणि तोंड जवळ नेऊ नका. नव्या कॉर्कच्या प्लेटा बसवण्याआधी रात्रभर गियरच्या तेलात भिजत ठेवा. कोरड्या बसवल्या तर पहिल्याच चढावर जळतात.

केसिंगचे दोन अर्धे वेगळे करण्यासाठी हत्यार लागत नाही, धीर लागतो. दोघांच्या मधल्या फटीत स्क्रूड्रायव्हर घालणे म्हणजे त्या जागी तेल गळण्याची व्यवस्था करणे. सगळे नट निघालेत ना हे दोनदा मोजा. एक राहिलेला असतोच. मग लाकडी मोगरीने कडेच्या कानांवर हलकेच ठोका. चाकाची दांडी बाहेर काढताना तिच्या आट्यांवर आधी एक जुना नट टोकाशी सपाट बसेल इतका चढवा आणि त्याच्यावर ठोका, म्हणजे आटे वाचतात.

आता मूळ मुद्दा, ज्याच्यासाठी हा लेख लिहायला घेतला.

क्लस्टर गियर ज्या दांडीवर फिरतो तिच्याभोवती सुट्या सुया असतात. बेअरिंगच्याच, पण पिंजऱ्याशिवाय, एकेक सुटी. मॉडेलप्रमाणे एका टोकाला किंवा दोन्ही टोकांना, वीसेकच्या घरात. दांडी बाहेर ओढली की सगळ्या एकदम कोसळतात. परत बसवताना त्या गियरच्या भोकात वर्तुळाकार उभ्या करायच्या, कडेच्या चकत्या जागेवर धरायच्या, गियर पेटीत उतरवायचा आणि बाहेरून दांडी घालायची. दांडीचे टोक एका सुईला जरी लागले की ती आडवी होते, तिच्यावर दांडी ठोकली जाते, आणि पन्नास किलोमीटरने पेटीतून रडका आवाज येऊ लागतो. मी हे केले आहे. पहिल्यांदा पेटी बंद करून फिरवली तेव्हा सगळे गोड चालले होते; दुसऱ्या दिवशी परात धुताना तळाला एक सुई चमकली. संपूर्ण इंजिन पुन्हा उघडले.

यावर उपाय खोटी दांडी. खऱ्या दांडीच्याच जाडीची, किंवा केसभर बारीक, आणि लांबीला गियर व त्याच्या कडेच्या चकत्या मिळून जेवढे होते तेवढीच. लाकडाची गोल काठी कानशीने घासून चालते, पण लेथवाल्याकडून ॲल्युमिनियमची करून घेतलेली उत्तम. खरी दांडी सोबत न्या आणि ‘हिच्याएवढीच, पण हाताने घसरेल अशी’ असे सांगा. मापे लिहून नेलीत तर तो त्याच्या मनाने सूट देतो. दोन्ही टोकांच्या कडा किंचित मोडून घ्या.

मग असे करा. गियरच्या भोकात जाड ग्रीसचा पातळ थर द्या. खोटी दांडी मधे उभी करा आणि तिच्या आणि भोकाच्या मधल्या फटीत एकेक सुई उतरवा. सुया काढतानाच मोजून ठेवल्या असतील. तेवढ्या सगळ्या बसल्या पाहिजेत आणि शेवटी राहिलेली फट एका सुईहून कमी असली पाहिजे. एक सुई सहज मावेल एवढी जागा दिसली तर एक हरवली आहे, परात पाहा. सुई उचलायला चुंबकाची काडी वापरू नका. सुया चुंबकित होतात आणि मग लोखंडाची भुकटी धरून बसतात. बोटाला ग्रीस लावून उचला.

आता गियर, खोटी दांडी, सुया, चकत्या असे सगळे मिळून एक घट्ट गाठोडे झाले आहे. ते पेटीत जागेवर ठेवा. बाहेरून खरी दांडी घाला, अशी की तिचे टोक खोट्या दांडीच्या टोकाला चिकटून राहील. खरी आत जाते तसतशी खोटी पलीकडून बाहेर निघते. दोघींच्या मधे फट पडू द्यायची नाही, हीच सगळी कला. एका हाताने ढकलायचे, दुसऱ्या हाताने समोरून हलका विरोध द्यायचा. दुसरा माणूस असेल तर सोपे. माझ्याकडे हे काम माझी मुलगी करते, तिची बोटे बारीक आहेत आणि तिला घाई नसते. खोटी दांडी पूर्ण बाहेर आल्यावर गियर बोटाने फिरवा. लोण्यासारखा फिरला पाहिजे; एकाही जागी कुरकुर झाली तर पुन्हा काढा.

खोट्या दांडीवर नाव कोरून ठेवा, नाहीतर कुणीतरी ती खिळा ठोकायला वापरते.

चाकाच्या दांडीवरचे गियर काढायचे तर वरची कडी, म्हणजे लॉक, उघडावे लागते. काहींच्या टोकांना पकडीची भोके नसतात. जुन्या टोकदार पकडीची टोके बाहेरच्या बाजूने घासून थोड्या खाचा पाडल्या की ती कडीच्या टोकांना धरते. बसवताना खरी अडचण असते: कडी दांडीच्या कडांवरून घासत नेली की दांडीवर ओरखडे उठतात आणि कडीही जास्त ताणली जाऊन सैल होते. कोल्ड्रिंकच्या बाटलीच्या प्लॅस्टिकची पट्टी कापून दांडीभोवती शंकूसारखी गुंडाळा आणि कडी तिच्यावरून सरकवा. हे मला एका रिक्षावाल्याने दाखवले. कडी नवीनच बसवा, तिची किंमत चहाएवढी असते.

क्रॉस काढायला त्याच्या दांडीवरचे आटे सोडावे लागतात आणि ते बहुधा उलटे असतात. म्हणजे सोडायला उजवीकडे. जोर करण्याआधी हलक्या हाताने दोन्ही बाजू अजमावा. शेगड्यात धरताना दांडीला थेट दात लागू देऊ नका. दोन लाकडी ठोकळ्यांत अर्धगोल खाच पाडून त्यात धरा. क्रॉसची कोणती बाजू बाहेर होती ते खुणेने लक्षात ठेवा, दोन्ही बाजू सारख्या दिसल्या तरी सारख्या नसतात. जुना क्रॉस आणि नवा शेजारी ठेवून नखाने कडा चाचपा. नव्याची कड नख अडवते. जुन्याची अडवत नसेल तर तुमचे निदान बरोबर होते. गियरच्या आतल्या खाचांच्या कडाही तशाच पाहा. त्या गोलावल्या असतील तर नवा क्रॉस सहा महिन्यांत जुना होईल. पैसे साठवा आणि गियरही बदला.

गियर परत रचल्यावर त्यांच्यात किती ढिलाई राहिली ते मोजणे गॅरेजांत कुणीच करत नाही आणि गियर सुटण्याचे ते एक मोठे कारण आहे. वरची चकती आणि गियर यांच्यामधे फीलर गेजची पाने घालून पाहा. या घराण्यातल्या पेट्यांना ०.१५ ते ०.४० मि.मी. चालते. जास्त असेल तर जाड शिम घाला. फीलर गेज मात्र विकतच घ्या. सिगारेटच्या पाकिटातल्या कागदाने अंदाज घेणारे महाभाग मी पाहिले आहेत.

बेअरिंगांबद्दल थोडक्यात. केसिंग आधी साबणाने धुऊन पूर्ण वाळवा, पेट्रोलचा वासही राहता कामा नये. मग मोठ्या तव्यात वाळू घालून तिच्यावर केसिंग ठेवा आणि मंद आचेवर तापवा, भुईमुगाच्या शेंगा भाजतात तसे. वाळूमुळे उष्णता सगळीकडे सारखी लागते. पाण्याचा थेंब टाकल्यावर चुर्र होऊन उडाला की पुरे, तेवढ्या तापावर जुने बेअरिंग बहुतेक वेळा केसिंग उपडे करून लाकडावर आपटले की आपोआप पडते. नवे बेअरिंग रात्रभर फ्रीजरमध्ये, पिशवीत बांधून. गरम केसिंगमध्ये थंड बेअरिंग नुसते टाकले तरी बसते. ठोकावे लागलेच तर जुन्या बेअरिंगचे बाहेरचे कडे ग्राइंडरवर थोडे घासून त्याच्यावर ठोका, म्हणजे जोर बाहेरच्या कड्यावरच येतो. आत ज्याच्यामागे हात जात नाही असे लहान निडल बेअरिंग असेल तर भिंतीत ठोकायचा अँकर बोल्ट आणा. त्याची फुगणारी नळी बेअरिंगच्या आत घालून आवळली की ती आतून घट्ट धरते. मग बाहेर पाइपचा तुकडा आणि वायसर ठेवून नट फिरवत ओढून घ्या. ऑइल सील बसवायला पीव्हीसी पाइपचे जोड फार उपयोगी, हार्डवेअरच्या दुकानात सील सोबत नेऊन माप लावून घ्यावे.

तेल भरण्यासाठी जनावरांना औषध पाजायची मोठी सिरिंज आणि तिच्या तोंडाला सलाइनच्या नळीचा तुकडा. सुमारे पाव लीटर तेल, ३० नंबरचे साधे. मोटारींसाठीचे महागडे गुळगुळीत तेल घालू नका. क्लच याच तेलात बुडलेला असतो आणि तो घसरू लागतो. गाडी सरळ उभी करून भोकातून तेल ओघळू लागेपर्यंत भरा.

लेथवाल्याविषयी एक गोष्ट सांगायची राहिली. शहरातल्या जुन्या पेठांत अजून असे लोक आहेत जे एका दांडीसाठी यंत्र चालू करतात, पण ते काम त्यांना परवडत नाही. शनिवारी संध्याकाळी गर्दीच्या वेळी जाऊ नका. तीन-चार गोष्टी जमवून एकदम न्या, भाव करू नका, आणि सोबत तो भाग कुठे बसतो ते दाखवायला पेटीचा फोटो न्या. एकदा त्याला पेटी दिसली की तो आपोआप मापात लक्ष घालतो, मी सांगितलेली चूकही तोच दुरुस्त करतो.

केसिंग बंद करण्याआधी सिलेक्टर पेटी न लावता आऱ्याच्या आकडीने क्रॉसची दांडी एकेक गियर पुढे-मागे ओढून पाहा आणि प्रत्येक वेळी चाकाची दांडी हाताने फिरवा. सगळे गियर आणि मधला न्यूट्रल बोटाला स्पष्ट कळले पाहिजेत, घड्याळाला चावी देताना कळते तसे. एक जरी अडखळला तर आत्ताच उघडा. माझ्या प्रियाचा तिसरा गियर असा अडखळला होता. एक चकती उलटी बसली होती, आणि इडलीपात्राच्या त्या खळग्याजवळचा खडूचा आकडा घामाच्या हाताने पुसला गेला होता. आता मी आकडे रंगाने लिहितो.